कोकणातलं ऊन: सनस्क्रीन की पूर्ण बाह्या?

कातळसडा:
‘रोज सनस्क्रीन लावा’ हा सल्ला मे महिन्यात होडीवर किंवा आंबा काढायला जाणाऱ्याच्या काय कामाचा? रत्नागिरीत १० मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो, दुपारी अतिनील निर्देशांक (कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांचं माप) ११ च्या वर, म्हणजे अतितीव्र. बाटलीवरचा एसपीएफ (सनस्क्रीन ऊन किती अडवतं त्याचा आकडा) दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर धरून मोजतात, म्हणजे चेहरा-मानेलाच चहाचा एक चमचा. लोक लावतात निम्मं, नाहीतर पाव. उरलेलं घामासोबत ओघळतं. घट्ट विणीचा गडद पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी. विषय संपला.

ओपीडी_दोन:
संपला कसा? दमट हवेत घाम उडत नाही, अंग निवत नाही. त्यात गडद, जाड शर्ट घालून भर दुपारी राबलात तर घामोळं परवडलं, गाठ उष्माघाताशी आहे. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणं दिसलं की सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.
पातळ पांढऱ्या सुती शर्टाचाही भरवसा नको. कोरडा असताना यूपीएफ (कापडाचा एसपीएफच म्हणा) जेमतेम ५ ते ७, घामाने चिकटला की आणखी कमी. सैल पॉलिएस्टर जर्सी बरी. चेहरा आणि हाताच्या पाठीला सनस्क्रीन हवंच. आधी घाम टिपून घ्या, ओल्या कातडीवर थर धरत नाही.

वाशिष्ठीकाठ:
ही सगळी गोऱ्या कातडीची भीती. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग तसा विरळाच.

ओपीडी_दोन:
विरळ, मान्य. पण डोळ्याला सावळेपणाचा काय उपयोग? बुबुळावर चढणारं मांस आणि मोतीबिंदू, दोन्हींमागे हेच अतिनील किरण. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, लाटांचा फेस २५ टक्के अतिनील परत फेकतो, तोही टोपीच्या काठाखालून. वाळूवर सुकट वाळत घालणाऱ्या बायकांना यूव्ही ४०० चा (अतिनील किरण अडवणारा), बाजूने बंद चष्मा हवा. वांग तर सावळ्या कातडीलाच जास्त. तो दृश्य प्रकाशानेही गडद होतो, म्हणून त्याला आयर्न ऑक्साइडवालं, रंगीत सनस्क्रीन.

लावणी_जून:
एक राहिलं. लेप्टो (उंदरांच्या लघवीतून चिखलात पसरणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी घेऊन चिखलात उतरणाऱ्यांची कातडी उन्हाला हळवी होते, आणि विरळ ढगांतून बरेचसे किरण खाली येतात. मान, हाताची पाठ भाजल्यासारखी लाल झाली तर मनानेच गोळी सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. तोवर अंग झाका.

कातळसडा:
म्हणजे शेवटी कापडच! गडद रंगाचा हट्ट सोडतो. पण सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड, म्हणजे किरण तीव्र, असेल तोवर काम बंद, हे मुकादमाला कोण सांगणार?