मेंदूच्या गाठीनंतरचा थकवा : अनुभव येऊ द्या

निवडुंग
माळा आवरताना रेडिएशनचा तो जाळीदार मास्क (डोकं हलू नये म्हणून घालतात तो) हाती आला आणि थकव्याची वही आठवली. चार रकाने: वेळ, गोळी, झोप, थकवा शून्य ते दहा. आठ दिवस लिहिलं की दिसतं, कुठला थकवा गोळीचा, कुठला लाईटचा, म्हणजे रेडिएशनचा. ग्लायोब्लास्टोमाला (मेंदूची वेगाने वाढणारी कॅन्सरची गाठ) साधारण ३० सिटिंग, सहा आठवडे. थकवा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चढतो आणि शेवटच्या सिटिंगनंतरही लगेच उतरत नाही. घरचे मात्र त्या दिवशी पेढे वाटून मोकळे! पुढे महिना-दीड महिन्याने माणूस दिवसाही झोपूनच राहतो तेव्हा धाबं दणाणतं. हे रेडिएशनचं उशिरा येणारं झोपाळूपण असू शकतं, बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. पण आपल्या मनाने ठरवू नका, डॉक्टरांना दाखवाच.

रात्रपाळी
डेक्सा (डेक्सामेथासोन, मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) सकाळी नाश्त्यानंतर. दुसरा डोस असेल तर दुपारी दोनच्या आत. रात्री आठला दिलात की पेशंट दोन वाजता कपाट आवरतो आणि दुसऱ्या दिवशी थकवा आठ.
हात न टेकता खुर्चीतून उठता येत नाही, भारतीय संडासात बसलं की उठवावं लागतं? तो थकवा नव्हे, डेक्साने मांड्यांचे स्नायू झिजतात. संडासात कमोडची खुर्ची आणि फिजिओ. आणि डेक्साने शुगर वाढते, ती जेवणानंतर, संध्याकाळी बघा. उपाशीपोटीची चांगली येते आणि आपण फसतो.

पोळीभाजी
+१ डेक्सा. पट्टी संपली म्हणून बंद करू नका!! पायरीपायरीने उतरवतात. एकदम थांबवली की उलट्या, बीपी खाली, अंगात त्राण नाही.

अर्धा कप
कोणी लेव्हेटिरासिटामबद्दल (फिट येऊ नये म्हणून देतात ती गोळी) लिहा ना. झोप + चिडचिड. घरात सगळ्यांशी भांडण.

रात्रपाळी
@अर्धा कप, दोन्ही त्याचेच असू शकतात. सकाळचा डोस कमी, रात्रीचा जास्त असं विभागता येईल का किंवा दुसरं औषध चालेल का, विचारा. स्वतः कमी केलीत तर फिट येईल आणि फिटनंतरची मरगळ वेगळीच, कधी एक-दोन दिवसही राहते.

खिडकीपाशी
थकव्यासाठी थायरॉईड तपासताना नुसता टीएसएच करून गप्प बसू नका. रेडिएशन पिट्युटरीला (मेंदूच्या तळाशी असलेली, थायरॉईडला हुकूम देणारी ग्रंथी) लागलं असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतो आणि फ्री टी४ (थायरॉईडचं हार्मोन) खाली. हे कधी कधी काही वर्षांनी उगवतं. सोबत सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड), पण डेक्सा चालू असताना ते कमीच येतं, अर्थ लागत नाही. कॉर्टिसॉल खरंच कमी असेल तर आधी ते भरायचं, मग थायरॉईडची गोळी. उलटं केलं तर धोका. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि सोडियमही करून घ्या.

पोळीभाजी
आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, पाणी कोमट, कपडे पुढून बटणांचे. आंघोळ-नाश्ता-व्यायाम सलग नको, मध्ये अर्धा तास. मिक्सर, टीव्ही आणि पाहुणे एकाच वेळी नको, आवाजानेच डोकं दमतं. भेटायला येणारे एका वेळी दोन, पंधरा मिनिटं. परळला (टाटा हॉस्पिटलात) गावाहून अख्खी जीप येते त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा 😄

अर्धा कप
जीपवाल्यांना भाजी निवडायला बसवा.

निवडुंग
😂 आणि झोपून राहिल्याने थकवा वाढतो. दिवसाची झोप अर्धा तास, तीनच्या आत. चालणं दहा मिनिटं, दोनदा, घरातल्या घरातही चालेल, तोल जात असेल तर सोबत माणूस. चांगल्या दिवशी तासभर चालवू नका, पुढचे दोन दिवस वाया जातात.

टपरी
जागं ठेवायची गोळी मिळते म्हणे?

खिडकीपाशी
मोडाफिनिल. याच रुग्णांवर चाचणी झाली, खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. तिच्या मागे लागण्यापेक्षा आधी वरच्या तपासण्या.

रात्रपाळी
एक राहिलं: झोपाळूपणा अचानक वाढला, सोबत सकाळची डोकेदुखी-उलटी, बोलण्यात गोंधळ, शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असलेला पेशंट सुस्त, तर थकवा म्हणून वहीत लिहीत बसू नका. त्याच दिवशी इमर्जन्सी.

पोळीभाजी
टेमोझोलोमाइड (केमोची कॅप्सूल) रिकाम्या पोटी, उलटीची गोळी अर्धा तास आधी. कॅप्सूल फोडून दुधात घालू नका, विचारतात लोक. कुकर लावलाय, बाकी रात्री.

टपरी
@निवडुंग, मास्क टाकलात का?

निवडुंग
नाही, परत माळ्यावर.