मदत हवी आहे: वजन बरोबर असूनही लेक स्वतःला जाडी समजते

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

लेक नववीत, १४ पूर्ण. उंची १५६ सेंमी, वजन ४७ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) १९.३. मागच्या महिन्यात खोकल्यासाठी नव्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी मुलींचा वाढीचा तक्ता काढून त्यावर टिंब मारून दाखवलं. "उत्तम आहे," म्हणाले. रिक्षात बसल्यावर बाईसाहेब म्हणतात, "ते सगळ्यांनाच असं सांगतात."

सुरुवात गौरी-गणपतीत झाली असावी. साताऱ्याला गेलो होतो, जाऊबाई कौतुकानंच म्हणाल्या, "काय गं, चांगली भरलीस की अंगानं!" त्या दिवशी पुरणपोळी ताटात तशीच राहिली. आता फोटोत सगळ्यांच्या मागे उभी राहते, गणवेशावर उन्हातसुद्धा स्वेटर.

परवा दप्तर धुवायला काढलं. खालच्या कप्प्यात टिश्यूत गुंडाळलेल्या चार पोळ्या. दोनांवर हिरवी बुरशी. पोटात गोळा आला माझ्या.

थोरला अकरावीत, त्याचं नेमकं उलट. १७५ सेंमी, ६३ किलो, आणि "मी हडकुळा आहे" म्हणून प्रोटीन पावडरचा डबा मागतोय. एकाच कुकरमधला भात खाणारी दोन पोरं!

हे वयाबरोबर जातं का? कोणाकडे न्यावं? पोळ्या सापडल्याचं तिला अजून बोलले नाहीये. बोलू का?

ताकपिठी: एवढं काय त्यात? झुंबा लावा, आपोआप आत्मविश्वास येतो. माझ्या भाचीचं सहा किलो उतरलं.

धागाकर्ती: ताई, तिला उतरवायचं काहीच नाहीये. तोच तर प्रश्न आहे.

बाळगुटी: मी बालरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण काही गोष्टी विचारते. या वयात मोठ्यांचे बीएमआयचे आकडे लावायचे नसतात. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते आहेत, त्यात मुलामुलींच्या रेषा वेगळ्या. वयात येताना मुलींच्या मांड्या, कंबर भरतात आणि ती चरबी शरीराला हवीच असते. मुलांचा वाढीचा झपाटा साधारण दोन वर्षं उशिरा येतो, आधी उंची मग स्नायू, म्हणून ती मधल्या काळात काठीसारखी दिसतात आणि आरशासमोर दंड फुगवतात. थोरल्याला दोन अंडी आणि जास्तीची वाटीभर उसळ द्या, डबा नको.

लेकीचं मात्र एक टिंब बघून चालणार नाही. आधीची वजनं आहेत का? पाळी नियमित आहे? चक्कर, थंडी वाजणं, केस गळणं, जेवल्याजेवल्या बाथरूममध्ये जाणं?

धागाकर्ती: पाळी मागचे दोन महिने आलेली नाही. ती म्हणाली परीक्षेमुळे. शाळेचं आरोग्यपत्रक आत्ता शोधलं, जूनमध्ये वजन ४९.५ होतं. लिहिताना हात थरथरतोय.

बाळगुटी: म्हणजे वाढत्या वयात अडीच किलो उतरलेत. वजन 'बरोबर' दिसत असतानाही खाण्याचा आजार असू शकतो, नेमका म्हणूनच तो निसटतो. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पत्रक बरोबर न्या आणि पाळीचं, पोळ्यांचं सगळं सांगा. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघतील, मानसोपचाराची चिठ्ठीही तेच देतील. तोवर बोलायला कोणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात. चक्कर येऊन पडली किंवा खाणं अगदीच बंद केलं तर वेळेची वाट बघू नका, तडक दवाखाना.

रिकामा_डबा: मी ती मुलगी होते, नावावरून कळलं असेलच. आईनं पोळ्यांचा हिशेब मागितला आणि मी फक्त लपवायची जागा बदलली. दप्तराऐवजी गच्चीवरची कुंडी. तुम्ही "पोळ्या का टाकल्यास" म्हणू नका. "हल्ली तुला बरं वाटत नाही असं दिसतंय" इथून सुरू करा. आणि "तू कुठे जाडी आहेस, बारीक तर आहेस" हेही नको. मला ते प्रशस्तिपत्रक वाटायचं, टिकवायला मग आणखी कमी खायचे.

एक विचारू? घरात काटा कुठे आहे?

धागाकर्ती: बेसिनखाली. आणि रोज सकाळी दात घासून त्यावर उभी राहणारी मीच. आकडा बघून "आज भात बंद" हेही मीच म्हणते, मोठ्यांदा. पाच-सहा वर्षं झाली.

धागाकर्ती: अपडेट. शुक्रवारी साडेपाचची वेळ मिळाली. काटा माळ्यावर टाकला. थोरल्यानं लगेच विचारलं कुठे गेला म्हणून, लेक काही बोलली नाही. रात्री दोघी गच्चीत बसलो होतो. "बरं वाटत नाही का गं हल्ली?" एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आई, शुक्रवारी वजन करतील का? केलं तर मला आकडा सांगू नका म्हण त्यांना."

डॉक्टरांना तसं आधी फोनवर सांगून ठेवता येतं का?

बाळगुटी: येतं. काट्याकडे पाठ करून उभी करतात. आजच कळवा.