मॅक्सिमात विकलजाचे फंक्शन: व्याख्या स्वीकारली जाते, मग फ(२) ला त्रुटी का?

प्रश्न (बी.एस्सी. विद्यार्थिनी, फोंडा):
नमस्कार. चवथीच्या सुट्टीनंतर आमची मॅक्सिमा या गणिती संगणक-प्रणालीवरील प्रात्यक्षिक परीक्षा आहे. मी फ(क्ष) := डिफ(क्ष^३ − ३*क्ष, क्ष) अशी व्याख्या केली (डिफ म्हणजे विकलन करण्याची आज्ञा). ती विनातक्रार स्वीकारली गेली, परंतु फ(२) विचारताच ‘दुसऱ्या जागी चल हवा, तिथे २ आढळले’ अशा अर्थाची त्रुटी आली. कागदावर तर उत्तर ९ येते.

उत्तर (गणित अध्यापक, म्हापसा):
:= या चिन्हाच्या उजवीकडचा भाग मॅक्सिमा व्याख्येच्या वेळी सोडवत नाही, तर जसाच्या तसा जपून ठेवते. तुम्ही फ(२) विचारता तेव्हा आधी प्रत्येक क्षच्या जागी २ बसतो आणि मगच डिफ चालते, म्हणजे २ या संख्येचे २ च्या सापेक्ष विकलन करण्याची आज्ञा तयार होते, जिला गणितात काहीच अर्थ नाही. त्यासाठी डिफाइन(फ(क्ष), डिफ(क्ष^३ − ३*क्ष, क्ष)) असे लिहावे. येथे विकलन आधी होऊन ३*क्ष^२ − ३ हीच व्याख्या साठवली जाते आणि फ(२) चे उत्तर ९ मिळते.

मात्र := टाकाऊ समजू नका. ग(क्ष) := अ*क्ष लिहून नंतर अ ची किंमत बदलली, तर ग आपोआप नव्या किमतीने चालते; अ ला किंमत दिल्यानंतर डिफाइन वापरले, तर तीच किंमत व्याख्येत कायमची गोठते. प्राचलांचा (अ सारख्या बदलून पाहायच्या राशींचा) अभ्यास करताना मला पहिला प्रकारच अधिक मोलाचा वाटतो.

उत्तर (पदव्युत्तर विद्यार्थी, डिचोली):
सरांच्या उत्तरास एक जोड. त्याच सत्रात आधी क्ष : ५ असे लिहून क्षला ५ ही किंमत दिलेली असेल, तर डिफाइनही त्रुटीच देईल, कारण आता उजवी बाजू लगेच सोडवली जाते आणि तिथे क्षच्या जागी ५ येतो, म्हणून आधी ती किंमत पुसणारी किल(क्ष) ही आज्ञा द्यावी. मॅथेमॅटिका या तशाच दुसऱ्या प्रणालीतही हाच भेद आहे: नुसत्या = ने उजवी बाजू तत्काळ सोडवली जाते, := ने प्रत्येक वापराच्या वेळी. मॅक्सिमात मात्र = हे केवळ समीकरणाचे चिन्ह असल्यामुळे त्याने काहीच साठवले जात नाही.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. दुसऱ्या विकलजासाठी डिफाइन(ह(क्ष), डिफ(फ(क्ष), क्ष)) चालेल का?

अध्यापक, म्हापसा:
होय, ६*क्ष मिळेल.