मदत हवी आहे: मुलुंड पूर्वेतील जुन्या इमारतीतल्या सदनिकेचा खरा भाव कसा ठरवावा?

मुलुंड पूर्वेला सुमारे 35 वर्षे जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेली सदनिका आम्ही राहण्यासाठी विकत घेऊ इच्छितो. लिफ्ट आहे, स्वतंत्र पार्किंग नाही. पुनर्विकासाची चर्चा चालू आहे, पण विकासक नेमलेला नाही. तरीही विक्रेते त्या आशेचा पूर्ण भाव आजच मागत आहेत.

मालमत्तांच्या संकेतस्थळांवर दिसतात त्या अपेक्षित किमती असल्यामुळे त्यांवर विसंबता येत नाही. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला, दर पाहिला, पण तो मुळात मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला असतो. म्हणून नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच सिटी सर्व्हे क्रमांकाच्या आणि शेजारच्या इमारतींच्या इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे) काढल्या. त्यांत प्रत्यक्ष मोबदला मिळतो खरा, मात्र कुठे क्षेत्रफळ बिल्टअप (भिंतींसह) आहे, कुठे कार्पेट (भिंतींच्या आतले वापरण्याजोगे), आणि काही व्यवहारांत पार्किंगही धरलेले आहे, त्यामुळे प्रति चौरस फूट दर एकमेकांशी जुळत नाहीत. नवीन प्रकल्पांचे दर तुलनेला घेणे मला योग्य वाटत नाही.

गृहकर्ज घ्यायचे असल्याने बँकेचे मूल्यांकन होईलच, पण ते किंमत ठरल्यानंतर. मला बोलणी करण्याआधी आधार हवा आहे. अशा जुन्या इमारतींत बिल्टअपवरून कार्पेट काढताना किती टक्के वजा करावेत, किती महिन्यांपूर्वीपर्यंतचे व्यवहार ग्राह्य धरावेत, आणि विकासक नेमलेला नसताना पुनर्विकासाच्या शक्यतेसाठी जास्तीची रक्कम द्यावी का, दिल्यास ती कशाच्या आधारे ठरवावी?