ज्येष्ठमधाच्या अर्कानं अल्सर बरा होतो का? वडलांसाठी विचारायलोय

औसेकर
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांचे गुडघे दोन वर्षं झाले दुखायलेत, मेडिकलवरून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी आणून स्वतःच खातात, सोयाबीन काढणीत तर दिवसाला दोन, ते बी उपाशीपोटी. आता पोटात आग पडायली, रात्री दोनला उठून पार्लेचे दोन बिस्किटं खाल्ले की जरा शांत. लातूरला एंडोस्कोपी केली, अल्सर निघाला, पँटोप्राझोल ही अ‍ॅसिड कमी करायची गोळी चालू केलीय. पण अण्णा म्हणतात गोळीनंच झालं अन् वर गोळीच का, अन् बाजारातून ज्येष्ठमध-शतावरीच्या अर्काची बाटली घेऊन आलेत. बीपीची गोळी पण चालू आहे त्यांची. द्यावं का?

परभणीची_सून
आमच्याकडं सासूबाई कच्च्या केळाचं पीठ ताकात कालवून द्यायच्या, आराम पडायचा बरं का. आवळा पण चांगला म्हणतात. ठेचा मात्र बंद करा काही दिवस.

खलबत्ता
फार्मसीला शिकवतो, अशा अर्कांचे उंदरांवरचे प्रयोग पोरांकडून करून घेतलेत म्हणून सांगतो. उंदराला रात्रभर उपाशी ठेवायचं, नळीनं अर्क पोटात सोडायचा, तासाभरानं वरून अ‍ॅस्पिरिन नाहीतर अल्कोहोल द्यायचं, मग काही तासांनी जठर चिरून बोर्डावर टाचण्या लावून पसरायचं अन् भिंगातून जखमा मोजायच्या. नुसतं पाणी दिलेल्या उंदराच्या जठरात लालकाळे पट्टेच पट्टे, अर्कवाल्याचं बरंच गुलाबी. बघून खरंच भारी वाटतं. पण अर्क आधी अन् जखम नंतर, हे लक्षात घ्या. अण्णांची जखम झालेली आहे, अन् डायक्लोफिनॅक चालूच असेल तर भोकाच्या बादलीत पाणी ओतल्यासारखंय. ही गोळी जठराच्या अस्तराला राखणारे प्रोस्टाग्लँडिनच कमी करते, म्हणून आधी ती थांबवायचं डॉक्टरशी बोला.

ज्येष्ठमध खोटं नाही. त्यातल्याच पदार्थापासून बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन नावाचं औषध १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अल्सरवर देत होते. पण बीपी वाढायचं, पोटॅशियम घसरायचं, अंगावर सूज यायची, मग चांगली औषधं आली अन् ते मागं पडलं. मूळ ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन पण रोज जास्त गेलं तर हेच करतं. बीपीवाल्याला ही बाटली मी तर देणार नाही.

अजून एक, एच. पायलोरीची तपासणी झाली का? हा जंतू असला तर अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लागतो, अर्कानं तो जात नाही. बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरनं १९८४ ला स्वतः हा जंतू पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती, २००५ ला नोबेल मिळालं त्याला अन् रॉबिन वॉरनला.

अन् डांबरासारखी काळी संडास झाली तर थेट दवाखाना, फोरमवर विचारत बसू नका.

नांदेडचा_पाहुणा
सर बरोबर बोलायलेत. आमची मावशी खोकल्यासाठी म्हणून महिनाभर ज्येष्ठमध चघळायली, पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. बंद केलं, उतरलं.

औसेकर
धन्यवाद सर. रिपोर्ट काढून बघितला, बायोप्सी (जठराचा बारीक तुकडा तपासायला) पाठवलीय असं लिहिलंय, सोमवारी विचारतो. बाटलीवर पहिलंच नाव ज्येष्ठमधाचं निघालं. अण्णाला सांगितलं तर म्हणे तीनशे रुपये गेले की मग, अन् गुडघ्याचं काय करू ते तरी विचार त्या सरला.