तिखट कोळंबी घालून झटपट क्रीमी पास्ता करायचाय, बेळगावात मिळेल त्या सामानात कसा होईल?

टिळकवाडीची_सई
नमस्कार मंडळी. येत्या शुक्रवारी रात्री पुण्याहून माझा भाऊ-वैनी आणि त्यांची दोन पोरं येणार आहेत, आणि पोरांनी फोनवरच सांगून ठेवलंय की आत्या पास्ता कर. तो पांढरा क्रीमी पास्ता आणि वर मसाल्यात परतलेली तिखट कोळंबी, तसला करायचा मनात आहे. मी ऑफिसातून साडेसहाला घरी येते आणि आठला जेवायला बसायचंय, म्हणजे हातात फार वेळ नाही. सगळे मिळून सात माणसं.

विचारायचं असं की रेसिपीत सगळीकडे केजन मसाला लिहिलेला असतो, तो मागवत बसू काय घरच्या तिखटावर भागतंय? क्रीम म्हणाल तर आमच्या गल्लीतल्या दुकानात फ्रेश क्रीमचं साधं पाकीट तेवढं मिळतं, ते गॅसवर फाटतं म्हणून ऐकलंय. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आमच्या सासूबाई माळकरी आहेत. त्यांना पास्ता आवडतो, खरं त्यांच्या ताटाला कोळंबीचा वास लागलेला चालणार नाही आणि मला त्यांच्यासाठी वेगळी भाजी-भाकरी करून त्यांना बाजूला काढायचं नाही. पोरांसोबत त्यांनीही तेच खावं असं वाटतंय. कसं जमवू सांगा.

चोर्लामार्गे
मसाल्याचं मी सांगतो. केजन हा अमेरिकेतल्या लुइझियानाकडचा प्रकार, त्यात असतं काय तर पॅप्रिका, केयेन मिरची, लसूण पावडर, कांदा पावडर, मिरी, ओरेगानो, थाईम. त्यातली पॅप्रिका ही रंगाला आणि केयेन तिखटाला. आता हे दोन्ही आपल्याकडं डब्यात भरून ठेवलेलं असतंय की. रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी, यापेक्षा चांगलं कुठं मिळणार. तीन चमचे ब्याडगीची पूड, अर्धा चमचा संकेश्वरी, एक चमचा ताजी कुटलेली मिरी, पिझ्झाबरोबर येतात त्या ओरेगानोच्या पुड्या घरात पडलेल्या असतात त्यातल्या दोन, आणि मीठ. लसूण पावडर नको, ताजा लसूण ठेचून घाला, खरं तो नंतर लोणी घालताना, मसाल्यात आधीच मिसळलात तर तव्यावर पहिल्यांदा तोच करपणार.

ब्याडगी घेताना डब्बी मिळाली तर डब्बी घ्या, ती जाड आणि सुरकुतलेली असते, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. कड्डी बारीक लांब. मिक्सरला लावायच्या आधी मिरच्या कोरड्या तव्यावर नुसत्या गरम करून घ्या, काळ्या पडू देऊ नका. क्रीममध्ये तो लाल रंग उतरतो ना तेव्हा पास्त्याला केशरी छटा येते, बघायलाच भारी वाटतं.

शहापूर_पेठ
कांदा लसूण मसाला घाला की सरळ. आमच्याकडं सगळ्याला तोच.

वडगावची_काकू
कांदा लसूण मसाला इथं नको रे. त्यात खोबरं, तीळ, धणे असतंय, ते तेलात बसतं आणि क्रीममध्ये गेलं की रस्सा झाल्यासारखं लागतंय. मटणाला, अंड्याला तो उत्तम, पास्त्याला चोर्लामार्गे म्हणतोय तेच बरोबर.

सई बाळ, तुझं तिसरं कोडं सोडवलंस की बाकीचं आपोआप सुटतंय बघ. क्रीमचा सॉस एका कढईत आणि कोळंबी दुसऱ्या तव्यात, आणि दोघांची भेट ताटात. आमच्याकडं थोरल्या जाऊबाई माळकरी, त्यामुळं असलं सगळं आम्ही असंच करतोय. यात कोळंबी सॉसमध्ये शिजत राहत नाही म्हणून रबरासारखी होत नाही, पोरांना तिखट नको तर त्यांच्या ताटात दोनच घालायच्या, आणि सासूबाईंना आधी वाढून द्यायचं. वेगळा डाव, वेगळी कढई, एवढं पाळ.

आता क्रम नीट वाच, सगळी गंमत क्रमात आहे. आल्या आल्या पहिल्यांदा मोठ्या पातेल्यात पाणी चढव, कारण सगळ्यात जास्त वेळ पाणी उकळायलाच जातोय. सात माणसांना सहाशे ग्रॅम पास्ता, त्याला सहा लिटर पाणी धर, एवढं मोठं पातेलं नसेल तर दोन पातेल्यांत कर. लिटरला चमचाभर मीठ घाल, कंजूषपणा नको, पास्त्याच्या आत मीठ जायची हीच एक वेळ. पाणी खळखळ उकळल्याशिवाय पास्ता सोडायचा नाही. तेल घालायचं नाही पाण्यात, तेल लागलं की सॉस धरत नाही, घसरतोय. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिली असतील त्याच्या एक मिनिट आधी काढ. आणि ते पाणी ओतून टाकू नकोस हां, दोन वाट्या बाजूला काढून ठेव, त्यात पास्त्याची पिठी उतरलेली असते आणि सॉस मिळून यायला तेच लागतं.

पास्ता शिजतोय तोवर कढईत दोन चमचे लोणी, सात-आठ पाकळ्या लसूण बारीक चिरून, मंद आचेवर. लसूण पांढराच राहू दे, लाल केलास तर कडसर चव सगळ्या क्रीमला लागते. मग अर्धी वाटी ते पास्त्याचं पाणी, मग क्रीम. पाव लिटरची दोन पाकिटं लागतील. क्रीम फ्रिजमधून थेट गरम कढईत ओतायचं नाही, तासभर आधी बाहेर काढून ठेव (घरी फोन करून सांग कुणाला तरी). आपल्याकडं मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये फॅट साधारण २५ टक्के असतं, म्हणून ते जोरात उकळलं किंवा त्यात लिंबू, टोमॅटो असलं आंबट पडलं की फाटतंय. गॅस बारीक, कडेला बारीक बुडबुडे दिसले की पुरे. लिंबू पिळायचंच असेल तर ताटात कोळंबीवर पीळ. मिरी, किंचित जायफळ, चीज किसून, आणि पास्ता त्यात घालून मिनिटभर हलव. घट्ट वाटलं तर अजून ते पाणी. ताटात वाढल्यावर तो आणखी घट्ट होतो, तेव्हा कढईत थोडा सैलसरच दिसला पाहिजे.

चीजचं एक महत्त्वाचं. परदेशी पार्मेजान आणू नकोस, ते वासराच्या पोटातल्या रेनेटनं (दूध घट्ट करणारं द्रव्य) करतात, माळकरी माणसाला चालायचं नाही. पाकिटावर हिरवा ठिपका बघून साधं प्रोसेस्ड चीज घे. आणि शुक्रवारी एकादशी नाही ना तेवढं कॅलेंडरात बघून घे.

टिळकवाडीची_सई
काकू, किती व्यवस्थित सांगितलंत, चीजचं तर माझ्या लक्षातच आलं नसतं. एकादशी नाही, बघितलं. आता कोळंबी कुठून आणू आणि किती? शुक्रवारी संध्याकाळी मार्केटला जायला जमणार नाही, सकाळीच काय ते.

खानापूरकर
सकाळीच आणायची असतीय ताई, संध्याकाळी कशाला. कॅम्पातल्या फिश मार्केटात जावा. आपल्याकडं येणारा माल गोवा, कारवार, मालवण-वेंगुर्ला असला घाट चढूनच येतोय, म्हणून बर्फावर बर्फ घातलेली असतीय, खरं बर्फात असली म्हणून चांगलीच असं समजायचं नाही. हातात घेऊन बघायची. डोकं अंगाला घट्ट पाहिजे, लोंबायला लागलेलं नको. डोक्याच्या सांध्याला काळं पडलेलं असलं तर शिळी. टरफल ओलसर चकचकीत, आणि वास समुद्राचा यावा, नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास आला की ठेवून द्यायची, दर कितीबी कमी करू दे.

डोक्यासकट घेतलीसा तर साफ करून निम्मीच उरते. तुम्ही खाणारी सहाजणं, त्यात दोन पोरं, तेव्हा सव्वा ते दीड किलो आणा. मध्यम आकाराची बघा, फार मोठी नको, फार बारकी तर नकोच, बारकी तव्यावर नजर हलायच्या आत जास्त शिजतीय. १ जून ते ३१ जुलैमध्ये कर्नाटक आणि गोव्यात यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा कोण ताजी समुद्राची म्हणून सांगाय लागलं तर जरा विचारून घ्यायचं. त्या दिवसांत तळ्यातली पाळलेली कोळंबी मिळते, या कामाला तीबी चांगली.

साफ करताना पाठीवर चिरा देऊन काळा दोरा काढायचाच, नाहीतर कचकच लागतीय. धुऊन झाल्यावर कोरडी करायची. पंच्याण्णव टक्के लोक इथंच घाई करतात असं माझं मत. स्वच्छ सुती फडक्यात दाबून पाणी टिपायचं, ओली कोळंबी तव्यावर भाजत नाही, आपल्याच पाण्यात उकडतीय आणि मसाला सगळा त्या पाण्यात सुटतोय.

कारवारची_लेक
मी मूळची कारवारची, लग्नानंतर बेळगावात. काकूंचं दोन भांड्यांचं पटलं, फक्त एक अर्धवट राहतंय असं वाटतं. कोळंबीची सगळी चव डोक्यात आणि टरफलात असते आणि ती तुम्ही कचऱ्यात टाकताय! आमच्याकडे टरफलं कधी टाकत नाहीत. दोन चमचे तेलात डोकी आणि टरफलं चार-पाच मिनिटं परता, तांबूस होऊन खमंग वास सुटला की दीड वाटी पाणी घालून झाकण ठेवून पंधरा मिनिटं मंद उकळा, उलथन्यानं डोकी दाबत राहा, मग गाळून घ्या. अर्धी-पाऊण वाटी लालसर पाणी मिळेल. सकाळी साफ करताना हे करून, गार झालं की फ्रिजात ठेवलं तर रात्री काहीच वेळ लागत नाही.

मग रात्री काकूंच्या पद्धतीनं सॉस करा, सासूबाईंचं आणि तिखट न खाणाऱ्यांचं आधी काढून घ्या. उरलेल्या पास्त्यात हे पाणी, आणि कोळंबी परतलेल्या तव्याला जो मसाला चिकटलेला असतो तोही चमचाभर पाण्यानं सोडवून ओता. इथं खरा फरक पडतो. नुसत्या क्रीमला वर कोळंबी ठेवली तर दोन वेगळे पदार्थ खाल्ल्यासारखं वाटतं, हे घातलं की सगळं एक होतं.

वडगावची_काकू
हे मात्र खरं गे. आधी त्यांचं काढून मग घातलं तर काही अडचणच नाही. सासूबाईंच्या वाट्याला मशरूम नाहीतर ढबू मिरची त्याच मसाल्यात परतून घाल, म्हणजे त्यांच्या ताटातही काहीतरी खमंग असेल, नुसता पांढरा पास्ता नको.

निपाणीकर_७
कुणी क्रीमऐवजी मैदा-दुधाचा व्हाईट सॉस का सांगेना? क्रीमची दोन पाकिटं महाग पडतात आणि जडही होतं. दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा, अर्धा लिटर दूध, फाटायची भीतीच नाही. पोरांना आवडतो.

वडगावची_काकू
होतंय तसंही, वाईट नाही. खरं मैदा कच्चा राहू नये म्हणून भाजायला, गुठळ्या न होता दूध घालायला लक्ष लागतं आणि सईला वेळ कमी. मधला मार्ग म्हणजे क्रीमचं एक पाकीट आणि वाटीभर साईसकट दूध, घट्टपणा पास्त्याचं पाणी आणि चीज देतंय. पास्ता मात्र ड्युरम गव्हाचा घे, पाकिटावर लिहिलेलं असतं. आपला बन्सी रवा ज्या गव्हाचा तोच हा, शिजला तरी कणखर राहतो. मैद्याचा स्वस्त पास्ता क्रीममध्ये पाच मिनिटांत गिच्च गोळा होतोय. पेने घे, नळीत सॉस शिरतो आणि पोरांना काट्यानं खायला सोपं.

टिळकवाडीची_सई
म्हणजे सकाळी कोळंबी आणून साफ करून टरफलाचं पाणी करून ठेवते. मसाला सकाळीच लावून ठेवू का मुरायला? आणि तव्यावर नेमकी किती वेळ? मला त्याचीच धास्ती आहे.

कारवारची_लेक
सकाळी मीठ-मसाला लावू नका, मीठ दिवसभरात पाणी काढतं आणि मांस आवळतं. लिंबू तर मुळीच नको. कोरडी करून स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून फ्रिजच्या सगळ्यात गार भागात ठेवा, खाली बर्फाचं ताट असेल तर उत्तम. संध्याकाळी पुन्हा एकदा टिपून, पास्त्याचं पाणी उकळतंय तेवढी पंधरा-वीस मिनिटं चमचाभर तेल आणि मसाला चोळून ठेवा, पुरतं.

बिडाचा तवा असेल तर तोच घ्या. चांगला तापवा, तेल घाला, आणि कोळंबी एकमेकीला न चिकटता एका थरात मांडा, म्हणजे दोन-तीन घाणे करावे लागतील. एका बाजूनं दीड मिनिट, हात लावायचा नाही, ढवळायचं नाही. कडा गुलाबी होऊन पांढरेपणा वर चढायला लागला की उलटा, दुसऱ्या बाजूनं मिनिटभर. शेवटच्या घाण्यात गॅस कमी करून लोणी आणि ठेचलेला लसूण, सगळी परत तव्यात घेऊन एकदा घोळवा आणि लगेच ताटलीत काढा, गरम तव्यात राहिली तर शिजतच राहते. बघायचं कसं, तर पाठ वाकून अर्धचंद्र झाली की झाली, शेपूट डोक्याकडे टेकून पूर्ण गोल झाली म्हणजे जास्त झाली.

पास्ता सॉसमध्ये गेल्यावरच पहिला घाणा टाका, आधी नको. माणसं पानावर बसली की कोळंबी तव्यावर, असंच.

शहापूर_पेठ
एक विचारून घ्या, भाऊ-वैनीच्या पोरांनी आधी कोळंबी खाल्लीय ना? काही पोरांना अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. पहिल्यांदाच खाणार असतील तर रात्रीच्या वेळी पाव्हणा म्हणून आलेले असताना नको.

टिळकवाडीची_सई
खातात, गोव्याला गेले की रोज तेच मागतात. तरी वैनीला विचारून घेते. उरला तर दुसऱ्या दिवशी चालेल काय?

खानापूरकर
कोळंबी उरवू नकासा, तेवढी रात्रीच संपवा. पास्ता उरला तर झाकून फ्रिजात, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-तीन चमचे दूध घालून अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून. मायक्रोवेव्हला जोरात लावलात तर तूप वेगळं आणि पास्ता वेगळा. कोळंबी उरलीच तर ती गरम करायची नाही, फ्रिजातून काढून बारीक चिरून गरम पास्त्यात शेवटी मिसळायची, आणि दुपारच्या आत संपवायची.