मदत हवी आहे: बाबांच्या डिस्कवर एकही हॅश जुळत नाही

बाबा डीटीपीचं काम करायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या विंडोज एक्सपीवाल्या कॉम्प्युटरची ८० जीबीची डिस्क माझ्याकडे आहे. तिच्यात १,१२,००० फाइली. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं आणि आईला लिहिलेली काही पत्रं त्यात कुठेतरी आहेत. ते फाइल कुठेही ठेवायचे, अगदी विंडोजच्या फोल्डरातसुद्धा.

म्हणून हॅशचा मार्ग धरला. हॅश म्हणजे फाइलीच्या आतल्या मजकुरावरून काढलेली अंक-अक्षरांची खूण, बोटाच्या ठशासारखी. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी हजारो सॉफ्टवेअरमधल्या फाइलींचे हॅश काढून ती यादी फुकट देते. फाइलीचं नाव बदललं तरी आतलं सगळं तेच असेल तर हॅश तोच येतो. यादीतल्या फाइली वगळल्या की बाबांच्या स्वतःच्या फाइली हाती लागतील, असं वाटलं.

डिस्क रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) जोडून शा-२५६ पद्धतीचे हॅश काढले, यादीच्या एसक्यूलाइट डेटाबेसशी ताडून पाहिले. जुळल्या शून्य. नोटपॅडसुद्धा नाही! तीन रात्री यातच गेल्या. शिवाय 'ई३बी०सी४४२'ने सुरू होणारा एकच हॅश ३१२ फाइलींना आलाय. व्हायरस असेल का? कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, घाबरू नका. तो रिकाम्या फाइलीचा हॅश आहे. शून्य बाइटच्या प्रत्येक फाइलीला तोच येतो.

शून्य जुळण्याचं कारण बहुधा अक्षरांत आहे. निस्टच्या यादीत हॅश कॅपिटल अक्षरांत आहेत, तुमचे स्मॉलमध्ये. एसक्यूलाइटला ते वेगळे वाटतात. तुमचीच यादी कॅपिटल करा. त्यांच्या कॉलमवर फंक्शन लावलंत तर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) वापरला जाणार नाही आणि क्वेरी संपता संपणार नाही.

आणि एक कळकळीने सांगतो, जुळलेलं काही पुसू नका. यादीत असणं म्हणजे फक्त 'ओळखीची फाइल', तिची गरज नाही असं नव्हे. जुनी मराठी पत्रं बहुतेकदा युनिकोडमध्ये (आजच्या, कुठल्याही मराठी फॉन्टात वाचता येणाऱ्या पद्धतीत) नसतात. ज्या फॉन्टात ती टाइप केलेली आहेत तो गेला तर अक्षरं वाचता येणार नाहीत. उलट, न जुळलेल्या सगळ्या बाबांच्याच असंही धरू नका. आपल्याकडची कित्येक सॉफ्टवेअरं त्या यादीत नसतील.

धागाकर्ती:
जुळलं! नोटपॅड पहिल्याच फेरीत सापडलं. उरलेल्यांत एक पत्र मिळालं, आधी नुसती इंग्रजी चिन्हं दिसत होती. बाबांच्याच डिस्कवरचा फॉन्ट बसवला आणि वर तारीख दिसली, १४ जून २००६. खूप खूप आभार. आई शेजारीच बसली आहे, तिला वाचून दाखवते.